भोसरीच्या लेथवर बसलेली 14 इंची कमर्शियल एक्टार

कोडॅकची 14 इंची कमर्शियल एक्टार ही लेन्स आणि तिच्यासोबत येणारे इलेक्स क्रमांक 5 चे शटर ही जोडी मी गेले आठ महिने 4×5 इंची फिल्म घेणाऱ्या माझ्या सिनार एफ कॅमेऱ्यावर वापरतो आहे. हे परीक्षण त्या जोडीचे आहे आणि तितकेच ती कॅमेऱ्यावर बसवून देणाऱ्या भोसरीतील एका लहान लेथ वर्कशॉपच्या कामाचेही आहे, कारण या आकाराच्या काचेच्या बाबतीत लेन्स चांगली आहे की नाही हा प्रश्न ती नीट बसली आहे की नाही या प्रश्नानंतरच विचारता येतो. वर्कशॉपच्या मालकांना आपले नाव कुठे यावे असे वाटत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख मी फक्त काका असा करतो. तिथे सगळे त्यांना तशीच हाक मारतात.

लेन्स साधी आहे. तीन गटांत चार भिंगे, म्हणजे टेसर पद्धतीची रचना. नाभीय अंतर 355 मिलिमीटर आणि पूर्ण उघडी केल्यावर एफ/6.3 (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). व्यावसायिक स्टुडिओंतील रंगीत चित्रणासाठी कोडॅकने ही मालिका काढली होती आणि 14 इंची लेन्स 8×10 इंची फिल्म पूर्ण झाकते, त्यामुळे 4×5 वर तिच्या प्रकाशवर्तुळाचा फक्त मधला, सर्वांत स्वच्छ भाग वापरला जातो. पुढच्या कड्यावर वर्तुळातला एल दिसतो, तो भिंगांवर प्रकाश परतवणे कमी करणारा लेप असल्याची खूण आहे. अनुक्रमांकाच्या सुरुवातीची दोन अक्षरे निर्मितीचे वर्ष सांगतात. सी-ए-एम-ई-आर-ओ-एस-आय-टी-वाय या दहा अक्षरांना कोडॅकने अनुक्रमे 1 ते 9 आणि शेवटी 0 असे अंक दिले होते. माझ्या लेन्सवर आर आणि टी आहेत, म्हणजे ती 1959 ची आहे. जुनी लेन्स विकत घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या वर्षापेक्षा ही दोन अक्षरे पाहावीत.

अडचण लेन्सची नाही, शटरची आहे. आज 4×5 वापरणारे बहुतेक लोक कोपल शटरच्या तीन मापांत विचार करतात: कोपल 0 साठी बोर्डाला, म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढे बसणाऱ्या आणि लेन्स धरणाऱ्या सपाट फळीला, सुमारे 35 मिलिमीटरचे भोक, कोपल 1 साठी सुमारे 42 आणि कोपल 3 साठी 65. इलेक्स 5 या शिडीच्या वरच्या पायरीवर आहे. त्याला कोपल 3 पेक्षा बरेच मोठे भोक लागते, त्याच्या धातूच्या डब्याचा घेर त्याहून मोठा असतो आणि बाहेर आलेल्या कळा आणखी जागा मागतात. लिनहॉफ टेक्निकाच्या 96 बाय 99 मिलिमीटरच्या बोर्डावर, म्हणजे बहुतेक आधुनिक लाकडी फील्ड कॅमेऱ्यांवर, हे शटर बसवण्याचा विचारच करू नये. डिअरडॉर्फच्या 8×10 कॅमेऱ्याचा बोर्ड 6 इंच चौरस असतो आणि ही लेन्स त्यावर सहज मावते. सिनारचा बोर्ड 140 मिलिमीटर चौरस आहे. तिथे ती मावते, पण फार मोकळी जागा उरत नाही, म्हणून भोक कुठे आणि कसे पाडायचे याला महत्त्व येते.

माझी लेन्स अमेरिकेतून फ्लँजशिवाय आली. फ्लँज म्हणजे बोर्डाला स्क्रूने पक्के होणारे आतून आटे असलेले कडे, ज्यात शटर मागच्या बाजूने फिरवून बसते. जुन्या लेन्सच्या आयुष्यात सर्वांत आधी हरवते ती हीच वस्तू, कारण लेन्स काढून विकताना ती जुन्या बोर्डालाच चिकटून राहते. फोटोवरून लेन्स विकत घेणाऱ्याने मागच्या बाजूचा फोटो जरूर मागवावा आणि फ्लँज आहे का, हे स्पष्ट विचारावे. ती नसेल तर किमतीत घासाघीस करायला तेवढे कारण पुरेसे आहे.

काकांकडे जाण्यापूर्वी मी एका दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. कोपल 0 चे भोक असलेला एक जुना सिनार बोर्ड मी तिथे दिला आणि मोठे भोक पाडून मागितले. तिथल्या माणसाने होल सॉ, म्हणजे भोक पाडायची गोल करवत, वापरली. होल सॉच्या मध्ये एक ड्रिल असते आणि तेच कटरला केंद्रात धरून ठेवते; बोर्डाच्या मध्यभागी आधीच 35 मिलिमीटरचे भोक असल्यामुळे त्या ड्रिलला टेकायला धातूच उरला नव्हता. कटर भटकला, भोक अडीच मिलिमीटर बाजूला सरकले, कडा दातऱ्या झाल्या आणि पकडीत जोरात आवळल्यामुळे बोर्डाला हलका बाक आला. यातले नेमके काय वाईट होते हे समजून घेण्यासारखे आहे. भोक थोडे बाजूला गेले तर चित्राचे काहीच बिघडत नाही. सिनारसारख्या कॅमेऱ्यात लेन्स वर-खाली आणि आडवी सरकवता येते, अडीच मिलिमीटर त्यातच भरून निघतात. बोर्डाला आलेला बाक मात्र कुठेच भरून निघत नाही, कारण त्यामुळे शटर बोर्डावर सपाट टेकत नाही, लेन्सचा अक्ष तिरका होतो आणि तो किती तिरका झाला हे प्रत्येक वेळी रिंग आवळण्याच्या जोरावर ठरते. तो बोर्ड मी बाजूला ठेवला.

दुसरा बोर्ड घेऊन मी काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी बोर्ड हातात घेतलाच नाही, शटर मागितले. मी पुढची आणि मागची भिंगे काढून वेगळ्या डब्यांत ठेवली होती. हे प्रत्येकाने करावे, कारण लेथजवळ उडणारा धातूचा भुगा आणि काच एका टेबलावर असू नयेत. मागचे भिंग आणि शटर यांच्यात कागदासारखे पातळ कडे सापडले तर ते जपून त्याच जागी परत घालावे. भिंगांच्या दोन गटांतील अंतर जुळवण्यासाठी असे कडे घातले जाते. काकांनी शटरच्या मागच्या आट्यांचा व्यास व्हर्नियरने चार ठिकाणी मोजला आणि मग पिच, म्हणजे लागोपाठच्या आट्यांमधले अंतर, मोजणाऱ्या गेजची एकेक पाती लावून पाहिली. आटे इंचाच्या हिशेबाचे निघाले, अमेरिकन बनावटीच्या शटरवर ते अपेक्षितच होते. मला जी मापे मिळाली ती इथे मुद्दाम देत नाही, कारण इतक्या वर्षांच्या उत्पादनात सगळ्या शटरचे आटे सारखेच असतील असे धरून चालणे धोक्याचे आहे आणि माझ्या आकड्यावर विसंबून कोणी फ्लँज बनवून घेतली आणि ती बसली नाही तर पितळ वाया जाईल. आपले शटर हातात घेऊन जावे आणि त्यावरूनच माप घ्यायला लावावे.

इथे भोसरीतल्या जुन्या यंत्राचा अनपेक्षित फायदा झाला. काकांच्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे आटे कापताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंची आहे, त्यामुळे इंची आटे त्यावर सरळ कापता येतात. मेट्रिक लीड स्क्रू असलेल्या लेथवर नेमके इंची आटे कापायचे तर 127 दातांचे गिअर लावावे लागते, कारण एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर आणि त्याची पाचपट 127 होते. हे गिअर प्रत्येकाकडे नसते आणि असले तरी एका जॉबसाठी ते चढवण्याचा कंटाळा केला जातो. मग जवळचा मेट्रिक पिच कापून दिला जातो, शटर दोन फेरे आत जाते आणि तिसऱ्या फेऱ्याला अडकते. काम देण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारून पाहिला तर समोरच्याच्या उत्तरावरून बरेच कळते.

फ्लँज काकांनी पितळेची केली. मी अ‍ॅल्युमिनियम सुचवले होते, वजन कमी होईल म्हणून. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर अ‍ॅल्युमिनियम फिरले की ते एकमेकांना धरतात आणि एकदा धरले की शटर काढताना आटे सोलून निघतात. पितळ गुळगुळीत फिरते आणि अडकत नाही. बोर्डाचे भोक त्यांनी होल सॉने न पाडता बोर्ड लेथच्या फेस प्लेटवर, म्हणजे फिरणाऱ्या सपाट चकतीवर, खाली सपाट लाकडी फळी देऊन, चार कडांनी हलक्या क्लॅम्पांनी धरला, डायल लावून केंद्र जुळवले आणि बोअरिंग टूलने भोक थोडे थोडे वाढवत नेले. या पद्धतीला वेळ लागतो, पण पातळ पत्र्यावर ताण येत नाही, कड स्वच्छ राहते आणि आधीचे भोक मध्ये असल्याचा काहीच त्रास होत नाही. पूर्ण झालेला बोर्ड त्यांनी सरफेस प्लेटवर पालथा ठेवून चारही कोपरे बोटाने दाबून दाखवले. एकही कोपरा हलला नाही.

यानंतरची गोष्ट मला स्वतःला सुचली नसती. आट्यांनी बसणारे शटर पूर्ण आवळल्यावर ते कुठल्या कोनात थांबेल हे आट्यांची सुरुवात कुठे आहे यावर ठरते. फ्लँज आधी बोर्डाला स्क्रूने पक्की केली असती तर वेगाचे आकडे खाली आणि शटर चढवण्याची कळ कॅमेऱ्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात, असेही झाले असते. काकांनी फ्लँज सुटी ठेवली, शटर त्यात पूर्ण आवळले, कुठे थांबते ते पाहून आकडे बरोबर वर येतील अशा कोनात फ्लँज बोर्डावर धरली, खूण केली आणि मगच स्क्रूची सहा भोके पाडली. शिवाय फ्लँजच्या कडेला एक बारीक आडवा स्क्रू दिला, जो शटरला हलकेच धरून ठेवतो. एवढ्या मोठ्या शटरची कळ दाबताना बराच जोर लागतो आणि त्या जोराने आटे हळूहळू सैल होत जातात. या एका स्क्रूमुळे आठ महिन्यांत शटर केसभरही फिरलेले नाही. बोर्ड आणि फ्लँज दोन्हींवर काळा थर दिला, बोर्डावर अ‍ॅनोडायझिंग आणि पितळेवर आतून मॅट काळा रंग. पितळ आतून उघडे राहिले तर त्यावरून परतलेला प्रकाश निगेटिव्हच्या छायेत धुके आणतो.

कामात एक कमतरता राहिली. फ्लँजच्या बाहेरच्या कडा धारदार होत्या आणि बोर्ड हाताळताना त्या लागत. मी परत गेलो तेव्हा काकांनी लगेच कानस मारून त्या गोल करून दिल्या, पण हे पहिल्याच वेळी व्हायला हवे होते. प्रकाश गळतो का हे घरी तपासले: रात्री खोली पूर्ण अंधारी करून कॅमेऱ्याच्या भात्याच्या, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घड्यांच्या नळीच्या, आत छोटा टॉर्च ठेवला आणि पाच मिनिटे डोळे सरावल्यावर बोर्डाभोवती सगळीकडून पाहिले. फ्लँजकडून काहीच दिसले नाही. भात्याच्या एका कोपऱ्यात मात्र सुईच्या टोकाएवढे भोक सापडले, ते लेन्सच्या आधीपासूनचे होते.

लेन्स आणि फिल्म समांतर आहेत का, हे तपासण्यासाठी मी भिंतीवर वर्तमानपत्राची दोन पाने जोडून चिकटवली, कॅमेरा सर्व बाजूंनी शून्यावर आणला आणि एफ/6.3 वर ग्राउंड ग्लासच्या, म्हणजे प्रतिमा दाखवणाऱ्या मागच्या दुधी काचेच्या, चारही कोपऱ्यांत लुपने (छोट्या भिंगाने) छोट्या जाहिरातींची अक्षरे वाचली. आधीच्या बाक आलेल्या बोर्डावर डावीकडचा वरचा कोपरा सतत मऊ येत होता. नव्या बोर्डावर चारही कोपरे एकाच वेळी स्पष्ट होतात. एवढा आटापिटा कशासाठी, असे कोणाला वाटेल, तर त्याचे उत्तर आकड्यांत आहे. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचे खांद्यापासून वरचे चित्र घेताना या लेन्सवर एफ/6.3 ला एकूण तीक्ष्णता सुमारे 3 सेंटिमीटर खोलीपुरतीच मिळते. डोळा स्पष्ट आणि कान मऊ, इतकीच ती पट्टी आहे. त्यात लेन्स कणभर जरी तिरकी असली तरी ती पट्टी चेहऱ्यावरून तिरपी जाते आणि एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर, असे निगेटिव्ह हाती येते. दोष फोकसिंगचा समजून माणूस फोकस सुधारत राहतो आणि मूळ कारण बोर्डात असते.

आता कॅमेऱ्याच्या बाजूने. बोर्डासकट हा सगळा ऐवज दीड किलोच्या आसपास भरतो आणि सिनार एफची पुढची चौकट हलकी आहे. कोपल 0 मधल्या 150 मिलिमीटरच्या लेन्ससाठी ती उत्तम, पण इथे टिल्टची, म्हणजे लेन्स पुढे-मागे झुकवण्याची, मूठ सैल करताक्षणी लेन्स पुढे झुकते आणि एका हाताने ती धरून ठेवावी लागते. सिनार पी च्या जाड, दातेदार चाकांवर चालणाऱ्या चौकटीवर हा त्रास होणार नाही. एफ वर मी दोन उपाय केले. कॅमेरा ज्यावर बसतो त्या दांड्यावर दुसरा क्लॅम्प पुढे लावून त्यावर शटरच्या खाली टेकणारा, वर फेल्ट चिकटवलेला एक लाकडी टेकू ठेवला आणि ट्रायपॉडचा क्लॅम्प दांड्याच्या मध्यावर न ठेवता पुढच्या तिसऱ्या हिश्शात सरकवला, म्हणजे वजनाचा तोल ट्रायपॉडच्या डोक्यावरच येतो. टेकू हे नंतर सुचलेले जोडकाम समजू नये. या वजनाची लेन्स हलक्या चौकटीवर लावायची असेल तर तो बोर्डाइतकाच आवश्यक भाग आहे आणि त्याचा खर्च आधीच धरावा.

भात्याची लांबी हाही हिशेबाचा विषय आहे. अनंतावर फोकस करतानाच 355 मिलिमीटर लागतात. दोन मीटरवरच्या माणसासाठी भाता सुमारे 432 मिलिमीटर ताणावा लागतो, दीड मीटरवर 465, आणि वस्तू मूळ आकारात टिपायची असेल तर 710. सिनारच्या नेहमीच्या एका भात्याची ताकद व्यक्तिचित्राच्या अंतराशीच संपत येते. दांड्याचा जोड, मधली चौकट आणि दुसरा भाता लावून ती वाढवता येते आणि हे सगळे सुटे भाग एकमेकांना लागतात हाच सिनारचा मोठा गुण आहे. ताणलेल्या भात्यामुळे एक्स्पोजरही वाढवावे लागते: दोन मीटरवर जवळजवळ दीडपट, दीड मीटरवर पाऊण स्टॉपपेक्षा थोडे जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मी हे आकडे एका कार्डावर लिहून ट्रायपॉडला बांधून ठेवले आहेत, कारण समोर माणूस बसलेला असताना वर्ग करत बसणे बरे दिसत नाही.

शटरबद्दल मला मनापासून आदर वाटतो. इलेक्स कंपनीही कोडॅकसारखीच न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरातली, आणि मंद वेगांसाठी हवेच्या दट्ट्याऐवजी दातेरी चाकांची मालिका वापरणे ही तिची मोठी देणगी. दट्ट्या हवामानाप्रमाणे आणि धुळीप्रमाणे वेग बदलतो. चाकांची मालिका स्वच्छ असेल तर रोज तेच उत्तर देते. पण पाती मोठी आहेत, त्यांना वाट मोठी कापायची आहे, म्हणून सर्वांत जलद वेग 1/50 सेकंद आहे. कोपल 3 ला तो 1/125 आणि कोपल 0 ला 1/500 आहे, यावरून आकार वाढला की काय गमवावे लागते ते समजते. आपल्याकडच्या उन्हात ही मर्यादा लगेच जाणवते: 400 आयएसओची फिल्म भर दुपारी 1/50 ला एफ/45 पर्यंत न्यावी लागते, आणि एफ/45 वर ही लेन्स घेण्याचे कारणच उरत नाही. मी 125 आयएसओची इलफर्ड एफपी4 वापरतो आणि लोकांना ओसरीत किंवा झाडाच्या दाट सावलीत बसवतो, तिथे एफ/6.3 ते एफ/8 आणि 1/25 ते 1/50 हा पट्टा अगदी बरोबर बसतो.

शटर माझ्याकडे आले तेव्हा एक सेकंदाचा वेग मध्येच अडकत असे. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार परिसरातील एका जुन्या दुरुस्ती करणाऱ्यांनी ते पूर्ण उघडून वाळलेले वंगण धुऊन काढले. पात्यांना तेल लागू न देणे हे या कामातले पथ्य आहे. तेल लागलेली पाती एकमेकांना चिकटतात आणि मंदावतात. परत आल्यावर मी फोटोडायोडच्या छोट्या टेस्टरवर प्रत्येक वेग दहा दहा वेळा मोजला. 1/50 प्रत्यक्षात 1/36 येतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्टॉप जास्त प्रकाश; 1/25 चा 1/22, 1/10 चा 1/9 आणि एक सेकंदाचे 1.3 सेकंद होतात. छापलेल्या आकड्याशी न जुळणे हा माझ्या दृष्टीने दोष नाही. दहापैकी दहा वेळा तेच उत्तर येणे महत्त्वाचे, आणि ते येते. फ्लॅश वापरणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावे की अशा जुन्या अमेरिकन शटरवर आजचा नेहमीचा पीसी सॉकेट, म्हणजे फ्लॅशची तार लावण्याची जागा, असेलच असे नाही. सिंकची जोडणी असली तर ती वेगळ्या प्रकारची असते आणि त्यासाठी वेगळी तार बनवून घ्यावी लागते.

चित्रांविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण ती दाखवण्याची गोष्ट आहे. 4×5 वर ही लेन्स पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यावरच्या सुमारे 100 मिलिमीटरच्या लेन्ससारखे दृश्य देते, म्हणजे चेहरा विस्कटत नाही आणि बसणाऱ्याच्या फार जवळही जावे लागत नाही. एफ/6.3 वर ती पुरेशी तीक्ष्ण आहे, एफ/11 पासून कोरीव वाटते. इलेक्सच्या छिद्राला पाती भरपूर असल्यामुळे ते जवळजवळ गोल राहते आणि मागच्या पानांमधून येणारे उजेडाचे ठिपके टोकदार न होता गोलच उमटतात. त्वचेवरच्या करड्या छटा सावकाश एकमेकींत मिसळतात. माझ्या आजीच्या हातांचे जे निगेटिव्ह या लेन्सने आले तसे माझ्याकडच्या कुठल्याच आधुनिक लेन्सने आलेले नाही. समोरून सूर्य असेल तर कॉन्ट्रास्ट उतरतो, म्हणून खोल हूड लावावाच लागतो.

ज्यांना मुख्यतः निसर्गचित्रे घ्यायची आहेत त्यांना मी ही जोडी घ्या असे सांगणार नाही. निकॉर-डब्ल्यू 360 मिलिमीटर एफ/6.5 किंवा सिम्मार-एस 360 मिलिमीटर एफ/6.8 या दोन्ही लेन्स कोपल 3 मध्ये येतात, 65 मिलिमीटरच्या सरळ भोकावर बसतात, 1/125 पर्यंत चालतात आणि वजनदार असल्या तरी बोर्डाचा प्रश्न उभा करत नाहीत. दुसरा मार्ग बिनशटरच्या लेन्सचा. ऑफसेट आणि ब्लॉकमेकिंगची जुनी प्रोसेस स्टुडिओ बंद झाली तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यांतल्या मोठ्या लेन्स भंगारात निघाल्या, आणि मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी एखादी अजूनही हाती लागू शकते. अपो-रोनार किंवा अपो-निकॉरसारख्या एफ/9 च्या या लेन्स जवळच्या अंतरासाठी फारच स्वच्छ आहेत. त्यांना सिनारचे स्वतःचे शटर लावता येते, जे लेन्स आणि भाता यांच्यामध्ये बसते, 8 सेकंदांपासून 1/60 पर्यंत चालते आणि कुठल्याही लेन्सला तेच वेग देते. सिनार वापरणाऱ्याकडे अशा दोन-तीन लेन्स असतील तर हा पर्याय इलेक्सपेक्षा शहाणपणाचा आहे. पॅकार्ड शटर हवेच्या रबरी फुग्याने चालते, स्वस्त आणि मोठ्या आकारांत मिळते, पण त्याचा ठराविक झटपट वेग 1/25 च्या आसपास एकच असतो; मंद फिल्म आणि स्टुडिओतला स्थिर उजेड यांच्यासाठी तेवढे पुरते. आपल्या जुन्या फोटो स्टुडिओंतील मंडळी तर लेन्सची टोपी काढून मनात आकडे मोजून एक्स्पोजर देत, आणि त्यांची चित्रे अजून भिंतींवर आहेत.

खर्चाचा हिशेब असा: फ्लँज, भोक आणि फिटिंग मिळून काकांनी 3,200 रुपये घेतले, अ‍ॅनोडायझिंग वेगळे 250, आणि काम नऊ दिवसांत झाले. ठरलेली रक्कम शेवटपर्यंत तीच राहिली. लेन्सच्या किमतीच्या मानाने ही रक्कम लहान आहे आणि पैसे वाचवायचे असतील तर ते इथे वाचवू नयेत. आधीच्या ठिकाणी मी 400 रुपयांत काम करून घेतले होते आणि त्यात एक सिनार बोर्ड गेला. काकांकडे जाताना शटर, बोर्ड आणि कॅमेऱ्याची पुढची चौकट या तिन्ही गोष्टी न्याव्यात, कारण मागचे भिंग चौकटीच्या आतून पार जाते का आणि कळ चौकटीला अडते का, हे तिथेच पाहिलेले बरे. शनिवारी गर्दी असते. सकाळी लवकर गेल्यास ते निवांत बोलतात.

टेस्टरवर मिळालेले वेग मी बारीक अक्षरांत लिहून बोर्डाच्या मागच्या बाजूला, भोकाच्या खाली चिकटवले आहेत. डिसेंबरमध्ये पहाटे सहाला गार हवेत पुन्हा मोजले तेव्हा एक सेकंदाचे 1.4 झाले होते. तो आकडा त्याच कागदावर निळ्या शाईने लिहिला आहे.